यॉर्कटाउनला कॉर्नवॉलिसला नक्की हरवलं कोणी? (आणि बाबांचा एक प्रश्न)

रिचमंडकर
नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असतो, आज राहवलं नाही.

तासगावहून आईबाबा आलेत. नायगारा झाला, मॉल झाले, देऊळ झालं, आता दर शनिवारी कुठे न्यायचं हा प्रश्न. तर गेल्या शनिवारी यॉर्कटाउनला गेलो, आमच्यापासून तास-सव्वा तास. मला वाटलं म्युझियममध्ये एसीत हिंडू, पण बाबांना मैदानच बघायचं होतं. मैदान म्हणजे खरंच मैदान, गवत, मातीचे उंचवटे, मधेमधे तोफा. नऊ नंबर आणि दहा नंबर अशा दोन मातीच्या गढ्या आहेत, त्या पडल्या आणि इंग्रजांचा खेळ संपला म्हणे. दहा नंबरची तर आमच्या तासगावच्या घरामागच्या परड्याहून फार मोठी नसेल, अगदी नदीच्या काठाला. एवढ्याशा ढिगाऱ्यासाठी एवढं रामायण?

लेकाच्या शाळेच्या पुस्तकात सरळ लिहिलंय, वॉशिंग्टनने हरवलं, विषय संपला. पण तिथे वाचलं तर वेढ्यातले निम्मे सैनिक फ्रेंच, आरमार सगळंच्या सगळं फ्रेंच, आणि पैसा पण बराचसा फ्रेंच. मग अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध जिंकलं कोणी? हा प्रश्न एक.

प्रश्न दोन बाबांचा. चष्मा कपाळावर चढवून पाटी वाचत होते, मधेच म्हणाले, "हा कॉर्नवॉलिस म्हणजे परशुरामभाऊंबरोबर टिपूवर गेला होता तोच काय रे?" मी म्हटलं काहीतरीच काय बाबा. फोनवर बघितलं तर तोच! १७८१ ला इथे अख्खी फौज शत्रूच्या हवाली केली आणि १७८६ ला हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल. बाबांचं म्हणणं, आमच्या खात्यात सुद्धा इतका घोळ घालणाऱ्याला निदान दोन इन्क्रिमेंट गमवावी लागायची. तर एवढं होऊन त्याला हिंदुस्थान कसा मिळाला, आणि इथे खाल्लेला मार त्याला तिकडे कामी आला का?

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

चहाबाज
पहिला नंबर. खुर्ची टाकून बसलोय.

तोफखाना
छान विषय. थोडं लांबण लागेल, घाईत असाल तर पुढे सरका.

आधी तो तिथे पोचला कसा ते बघा. १७७८ नंतर इंग्रजांनी युद्ध दक्षिणेकडे वळवलं, मे १७८० मध्ये चार्ल्सटन घेतलं, तिथे जनरल लिंकन अमेरिकन फौजेसकट शरण आला (हे नाव लक्षात ठेवा, परत येणारे). मग कॉर्नवॉलिस कॅरोलायनात अमेरिकन सेनापती नथॅनियल ग्रीनच्या मागे लागला. इतका मागे लागला की वेग यावा म्हणून जानेवारी १७८१ मध्ये स्वतःच्याच फौजेचं सामान त्याने जाळून टाकलं, तंबू, गाड्या, रमसुद्धा. १५ मार्चला गिलफर्ड कोर्टहाउसला लढाई झाली, मैदान कॉर्नवॉलिसने मारलं पण जवळपास चौथा हिस्सा माणसं कामी आली नाहीतर जखमी झाली. लंडनच्या पार्लमेंटात विरोधी पक्षाचा फॉक्स म्हणाला की असा आणखी एक विजय मिळाला तर आपली फौजच शिल्लक राहणार नाही.

तिथून तो व्हर्जिनियात गेला, वरिष्ठाला नीट न विचारता. वरिष्ठ म्हणजे क्लिंटन, न्यूयॉर्कला बसलेला. दोघांचं पटत नव्हतं. पत्रं जायला यायला आठवडे लागायचे, एका पत्रात फौज पाठव, दुसऱ्यात राहू दे, तिसऱ्यात आरमारासाठी खोल पाण्याचं बंदर बघून तळ ठोक. ऑगस्टमध्ये त्याने यॉर्कटाउन धरलं. मागे यॉर्क नदी, बाजूला चेसापीकचा उपसागर. इंग्रजाच्या डोक्यात पाणी म्हणजे आपलं अंगण. त्या हिशोबाने जागा चूक नव्हती, फक्त ते पाणी इंग्रजांचंच राहिलं पाहिजे ही एक अट होती.

पुढचं समुद्राचं प्रकरण मामांनी लिहावं.

शंकेखोर
रमसुद्धा जाळली? मग फौजेने बंड कसं नाही केलं?

तोफखाना
@शंकेखोर, काहीजण पळालेच की.

बारा_मावळ
तुम्ही काही म्हणा, ही सगळी महाराजांच्या गनिमी काव्याची नक्कल आहे. झाडामागून गोळी घालायची, दलदलीत गायब व्हायचं, रसद तोडायची. तो फ्रान्सिस मॅरियन, दलदलीतला कोल्हा म्हणायचे त्याला, आपल्या मावळ्यांचाच धडा गिरवत होता. १०० वर्षं आधी आपण हे केलं होतं पण लिहून ठेवलं नाही म्हणून जगाला माहीत नाही.

शंकेखोर
आला, व्हिएतनामवाला फॉरवर्ड आला. फक्त देश बदललाय.

बारा_मावळ भाऊ, महाराजांबद्दल आदर तुमच्याइतकाच आहे, पण मॅरियनला सह्याद्री कुठे हे तरी माहीत होतं का? मोठ्या फौजेसमोर लहान फौज असली की जगात सगळीकडे माणूस हेच करतो, त्याला शिकवणी लागत नाही. आणि अमेरिकन झाडामागूनच लढले हेही अर्धंच खरं. व्हॅली फोर्जच्या हिवाळ्यात, १७७७-७८ ला, श्टॉयबेन नावाच्या प्रशियनाने त्यांना रांगेत उभं राहून कवायत शिकवली. ती कशासाठी? उघड्यावर रांग करून लढता यावं म्हणून. यॉर्कटाउन तर पुस्तकी वेढा, चर खणा, तोफा पुढे सरकवा, परत चर खणा. यात गनिमी कावा कुठे दिसतोय?

बारा_मावळ
ग्रीनचं काय मग? हरायचं, मागे सरायचं, परत उभं राहायचं. त्याने स्वतःच पत्रात तसं लिहिलंय.

तोफखाना
ग्रीनच्या बाबतीत बारा_मावळ यांच्याशी निम्मा सहमत. ग्रीन एकही मोठी लढाई धड जिंकला नाही आणि तरी कॅरोलायना इंग्रजांच्या हातातून गेला. शिकवणी वगैरे सोडून द्या, पण जात एकच.

आणि १७ जानेवारी १७८१ ची काउपेन्सची लढाई वाचा. अमेरिकन सेनानी मॉर्गनला माहीत होतं की आपली गावकरी फौज संगीन बघितली की पळते. म्हणून त्याने त्यांना आधीच सांगून ठेवलं, दोन फैरी झाडा आणि जा मागे. ते गेले. इंग्रजांच्या टार्लटनला वाटलं पळाले, तो उधळत आला आणि समोर कसलेल्या रेजिमेंटच्या रांगेत घुसला. पळपुटेपणाच डावात घेतला या माणसाने. मला तर या सगळ्या युद्धातला हा सगळ्यात हुशार तास वाटतो.

जर्सीकर_वहिनी
अय्या, हा विषय! आमच्याकडे या, इथे दर दोन मैलांवर वॉशिंग्टन झोपलेला असतो :)

मॉरिसटाउनजवळ जॉकी हॉलोला लाकडी खोपट्या परत बांधून ठेवल्यात. एकेका खोपटीत बाराजण राहायचे. मी आत जाऊन उभी राहिले, आमची स्वयंपाकाची खोली थोडी मोठी असेल. १७७९-८० चा हिवाळा, व्हॅली फोर्जपेक्षाही वाईट थंडी, पगार नाही, मिळाला तर कागदी नोटा, त्यांची किंमत इतकी गेलेली की कवडीमोल म्हणायचं तर त्या नोटेचंच नाव घ्यायचे.

आणि चॅटमच्या भट्ट्यांबद्दल कुणी लिहिलं नाही अजून! ऑगस्ट १७८१ मध्ये वॉशिंग्टन आणि फ्रेंच सेनापती रोशांबो न्यूयॉर्कवरून दक्षिणेला सटकणार होते, पण क्लिंटनला वाटायला हवं की आपल्यावरच हल्ला होणार. मग जर्सीत चॅटमला पावाच्या मोठमोठ्या विटांच्या भट्ट्या बांधायला घेतल्या. फौज जिथे भट्टी बांधते तिथे ती महिनाभर तरी मुक्कामाला असणार, हे कुठल्याही बाईला कळतं आणि क्लिंटनच्या हेरांनाही कळलं. फौज व्हर्जिनियाच्या वाटेला लागली तरी क्लिंटन न्यूयॉर्कचेच बुरूज मजबूत करत बसला. चूल बघून चकवा खाल्ला मेल्याने.

आज्जीचा_बटवा
वहिनी 😂😂

डेकवरचा_मामा
तोफखानासाहेबांनी बोलावलंय तर येतो. ३१ वर्षं जहाजावर काढली, हॅम्प्टन रोड्सला असंख्य वेळा लागलोय, चेसापीकचं तोंड पाठ आहे. बाहेरून वाटतं अफाट रुंद, पण मोठ्या जहाजाला चालेल असं खोल पाणी त्यातल्या थोड्याच पट्ट्यात.

ऑगस्टअखेर फ्रेंच आरमारप्रमुख द ग्रास वेस्ट इंडीजहून २८ मोठी लढाऊ जहाजं आणि ३००० च्या वर सैनिक घेऊन आत येऊन नांगरला. ५ सप्टेंबरला इंग्रजांचा ग्रेव्हज न्यूयॉर्कहून १९ जहाजं घेऊन आला. तेव्हा फ्रेंच आत नांगरावर, शेकड्यांनी खलाशी पाणी-लाकूड आणायला आणि फौज उतरवायला किनाऱ्यावर. वारा इंग्रजांच्या बाजूचा. याहून सोन्यासारखी वेळ नाही, फ्रेंच एकेक करून बाहेर पडत असतानाच झोडपायचं. पण ग्रेव्हजने त्यांना बाहेर येऊ दिलं, रांग लावू दिली. फ्रेंचांनी नांगराचे दोर तोडले आणि माणसं किनाऱ्यावर सोडून २४ जहाजं बाहेर काढली.

त्यात ग्रेव्हजच्या डोलकाठीवर दोन निशाणं एकदम, एक म्हणतं रांग मोडू नका, दुसरं म्हणतं भिडा. मागच्या तुकडीचा हूड म्हणाला, मी रांगेचं निशाण पाळलं. त्याची तुकडी जवळजवळ लढलीच नाही. नंतर दोघं एकमेकांच्या नावाने पत्रं लिहीत बसले. (कंपनी कुठलीही असो, हे बदलत नाही.) शिवाय वाऱ्याच्या अंगाने असलेलं जहाज शत्रूच्या बाजूला कलतं, त्या बाजूची खालची तोफांची दारं उघडली तर पाणी आत. फ्रेंच पलीकडे कललेले, त्यांना खालच्या तोफाही वापरता आल्या.

अडीच तास गोळागोळी, एकही जहाज तिथल्या तिथे बुडालं नाही. कोणी जिंकलं म्हणायचं? पण पुढचे काही दिवस दोघं एकमेकांकडे बघत समुद्रात भरकटले आणि तेवढ्यात न्यूपोर्टहून दुसरा फ्रेंच आरमारी अधिकारी द बारास वेढ्याच्या जड तोफा घेऊन गुपचूप आत शिरला. ग्रेव्हज डागडुजीला न्यूयॉर्कला परत. दार लागलं. कॉर्नवॉलिस त्या दिवशी हरला, बाकीचे सहा आठवडे फक्त कागदोपत्री.

रिचमंडकर
मामा, दंडवत. बाबांना वाचून दाखवलं, त्यांनी निशाणांचा भाग दोनदा वाचायला लावला.

चहाबाज
अवांतर: बोस्टनला १६ डिसेंबर १७७३ ला ३४२ पेट्या चहा समुद्रात टाकला तो आपल्या आसामचा नव्हता बरं का. सगळा चिनी माल, ईस्ट इंडिया कंपनीचा. आसामात तेव्हा मळे कुठले. बंगालच्या दुष्काळानंतर कंपनी गाळात गेली, गोदामात चहा पडून, तो खपवायला इंग्रजांनी कायदा केला आणि अमेरिकेत भडका उडाला. म्हणजे कंपनीने बंगाल नासवला त्याचा ठसका बोस्टनला लागला.

३४२ पेट्या. माझा जीव तुटतो.

आज्जीचा_बटवा
मी डॉक्टर, इतिहासातलं फार कळत नाही पण माझा एक उमेदवार आहे ज्याचं नाव कुणीच घेत नाही. देवी.

या युद्धात गोळीने मेले त्यापेक्षा रोगाने कितीतरी जास्त. १७७६ मध्ये कॅनडात गेलेली अमेरिकन फौज देवीने पार मोडली. इंग्रजी फौजेत बऱ्याच जणांना लहानपणीच येऊन गेलेल्या, ते वाचायचे. १७७७ च्या सुरुवातीला वॉशिंग्टनने हुकूम काढला, सगळ्या फौजेला देवी टोचा. जेन्नरची लस अजून १९-२० वर्षं लांब, ही जुनी पद्धत, रोग्याच्या फोडातलं द्रव्य निरोग्याच्या कातडीत घालायचं, आपल्याकडे बंगालात टीकादार करायचे तशीच. त्यात काही दगावतात, बाकीचे आठवडे-दोन आठवडे अंथरुणात. शत्रूला कळलं तर संपलंच, म्हणून गुपचूप. मला तरी यॉर्कटाउनच्या गढीपेक्षा हा निर्णय जास्त धाडसाचा वाटतो.

आणि दुसरा उमेदवार हिवताप. ऑगस्ट-सप्टेंबर, नदीकाठ, दलदल. शरण आली तेव्हा कॉर्नवॉलिसच्या फौजेतला मोठा हिस्सा अंथरुणाला खिळला होता.

पण एक गोष्ट मौजेची नाही. इंग्रजांनी स्वातंत्र्य देऊ म्हटल्यामुळे हजारो गुलाम मळे सोडून त्यांच्याकडे आले होते, यॉर्कटाउनचे खंदक त्यांनीच खणले. अन्न संपत आलं, देवी पसरल्या, तेव्हा कॉर्नवॉलिसने त्यांना छावणीबाहेर हाकललं. दोन्ही फौजांच्या मधल्या रानात माणसं पडून होती. वेढा संपल्यावर जे जगले त्यांना मालक परत घेऊन गेले. रिचमंडकर, पाटीवर हे होतं का?

रिचमंडकर
होतं ताई, पण मी त्यावरून पुढे सरकलो होतो, खरं सांगतो.

शंकेखोर
ताईंना +१. आणि त्याच यॉर्कटाउनला जेम्स नावाचा एक गुलाम कॉर्नवॉलिसच्या छावणीत नोकर म्हणून राहून अमेरिकनांच्या बाजूने लढणाऱ्या फ्रेंच लाफायेतला बातम्या पोचवत होता. स्वातंत्र्ययुद्धात हेरगिरी केली आणि स्वतःचं स्वातंत्र्य मिळालं १७८७ मध्ये, तेही अर्ज-विनंत्या करून आणि लाफायेतचं शिफारसपत्र लावून. नंतर त्याने आडनावच लाफायेत लावलं. तेव्हा स्वातंत्र्य कोणाचं, हाही प्रश्न धाग्यात जोडा.

तळेगावकर
उशिरा पाहिला धागा.

एवढं सगळं लांबचं चाललंय तर जवळचं सांगतो. ज्या वर्षांत इंग्रज तिकडे मार खात होते त्याच वर्षांत इथेही खात होते. नोव्हेंबर १७७८ ला मुंबईहून इंग्रजांची फौज राघोबादादाला पुण्याच्या गादीवर बसवायला निघाली. जवळपास ३९०० सैनिक आणि सामानाला १९००० बैल! घाट चढून आल्यावर दिवसाला मैल-दोन मैल चालायचे, काही दिवशी तेवढंही नाही. ४ जानेवारी १७७९ ला कार्ल्याला कॅप्टन स्टुअर्ट तोफेच्या गोळ्याने गेला, तोच आपला ईष्टूर फाकडा. शत्रूच्या माणसाला असं लाडाचं नाव आपल्या लोकांनीच ठेवलं, वडगावात त्याची समाधी दाखवतात.

तळेगावला पोचले तर गाव जाळून रिकामं, धान्याचा दाणा नाही. महादजी शिंदे आणि तुकोजी होळकर चहूबाजूंनी. ११ जानेवारीच्या रात्री इंग्रजांनी जड तोफा तळ्यात ढकलल्या, सामान पेटवलं आणि मागे फिरले. वडगावला पुरते कोंडले गेले, मग तह. (कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जने नंतर तो झुगारला, ती गोष्ट वेगळी.) मी रोज लोकलने तळेगावहून वडगाववरूनच पलीकडे कामाला जातो, गर्दीत कोणाला ढकलून दारापाशी उभं राहिलं की त्या तोफा आठवतात.

तर सांगायचा मुद्दा, सामान फार असलं की वडगाव होतं आणि सामान जाळून टाकलं की यॉर्कटाउन. इंग्रजांना दोन्हीकडे जमलं नाही.

बारा_मावळ
क्या बात! हे आहे आपलं. आता बोला शंकेखोर.

शंकेखोर
बोलतो ना. वडगाव शंभर टक्के मान्य. तिथे गाव जाळून रसद तोडली, कोंडलं, आणि तहावर सही घेतली. माझी तक्रार फक्त जर्सीपर्यंत मावळे पाठवण्याला आहे.

पाँडीचेरीची_पोस्ट
एक पदर राहिला. फ्रान्स १७७८ ला युद्धात उतरला तेव्हा हे अमेरिकेचं युद्ध राहिलंच नाही. त्याच्या आदल्या वर्षी, १७७७ ला, सँ लुबाँ नावाचा फ्रेंच वकील पुण्यात नाना फडणिसांच्या दरबारी येऊन बसला होता, मुंबईकर इंग्रजांची झोप उडाली होती. १७८० मध्ये हैदरने पोलिलूरला इंग्रजांची एक अख्खी तुकडी कापली. त्याचं नाव एवढं गाजलं की पेन्सिल्व्हेनियाने एका लढाऊ जहाजाचं नावच हैदर अली ठेवलं! एप्रिल १७८२ मध्ये डेलावेअरच्या खाडीत या हैदर अलीने जनरल मंक हे इंग्रजी जहाज पकडलं. शत्रूचा शत्रू, दुसरं काय.

आणि या युद्धातली शेवटची मोठी लढाई कुठे झाली? अमेरिकेत नाही, कडलूरला, आमच्यापासून जेमतेम तासाभरावर. जून १७८३. फ्रान्स-इंग्लंडचा प्राथमिक तह जानेवारीतच झालेला, पण बातमी यायला पाच महिने. तोपर्यंत माणसं मरत होती.

इंग्लंडला एकाच वेळी न्यूयॉर्क, जिब्राल्टर, जमैका, मद्रास, मुंबई सांभाळायचं होतं. पांघरूण तेवढंच, डोकं झाकलं की पाय उघडे. रिचमंडकरांच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर हे.

चहाबाज
शरणागतीचा प्रसंग सांगा ना कोणीतरी, तलवारीचा. तो ऐकल्याशिवाय झोपणार नाही.

तोफखाना
सांगतो. १४ ऑक्टोबरच्या रात्री नऊ नंबरवर फ्रेंच आणि दहावर हॅमिल्टनचे अमेरिकन गेले, अमेरिकन तर बंदुका न भरता, नुसत्या संगिनी, चुकून बार उडून शत्रू सावध होऊ नये म्हणून. दहा नंबर १० मिनिटांत पडली. रिचमंडकर, ढिगारा छोटा खरा, पण तो घेतला की दुसरा चर थेट नदीपर्यंत नेता येत होता आणि मग तोफा गावाच्या छाताडावर.

१६ च्या रात्री कॉर्नवॉलिसने शेवटचा प्रयत्न केला, होड्यांतून नदीपलीकडे ग्लॉस्टरला फौज काढायची. पहिली खेप गेली आणि वादळ उठलं, होड्या विखुरल्या. संपलं. १७ ला सकाळी एक ढोलवाला पोरगा तटावर चढून वाजवायला लागला, मागून एक अधिकारी पांढरा रुमाल घेऊन.

१९ ला शरणागती. आणि त्या दिवशी लॉर्ड कॉर्नवॉलिस आजारी पडले. आपल्या दुय्यमाला, ओहाराला पाठवलं. ओहारा तलवार घेऊन आधी रोशांबोकडे गेला, त्याला अमेरिकनांपुढे वाकायचं नव्हतं. रोशांबोकडून बोट वॉशिंग्टनकडे. वॉशिंग्टनने बोट दाखवलं लिंकनकडे, तुमचा दुय्यम तर आमचाही दुय्यम. हाच तो चार्ल्सटनचा लिंकन. तिथे इंग्रजांनी त्याला निशाणं उलगडून बाहेर पडू दिलं नव्हतं, म्हणून इथे इंग्रजांनाही निशाणं गुंडाळून बाहेर काढलं. त्याच दिवशी क्लिंटनचं मदतीचं आरमार न्यूयॉर्कहून निघालं.

ओहाराचं नशीब बघा, १७९३ ला फ्रान्समध्ये तूलाँला परत पकडला गेला, तेव्हा समोर नेपोलियन होता.

जर्सीकर_वहिनी
आजारी पडले म्हणे. पाहुणे येणार म्हटलं की आमच्याकडेही एकजण असाच आजारी पडतो.

रिचमंडकर
😂 पण प्रश्न दोन राहिला की. बाबा रोज संध्याकाळी विचारतात, काय म्हणतायत तुझे लोक?

तोफखाना
बाबांना नमस्कार सांगा. तासगावकरांना सांगायला संकोच वाटतो, पण बघा.

हिंदुस्थान कसा मिळाला? राजाची मर्जी गेली नव्हती, खापर बरंचसं क्लिंटन आणि आरमारावर फुटलं. शिवाय कॉर्नवॉलिस स्वतः पैसे खाणारा नव्हता, कंपनीच्या कारभारात तो गुण फार दुर्मिळ.

मार कामी आला का? आधी आला नाही. मे १७९१ मध्ये तो श्रीरंगपट्टणच्या जवळ पोचला, अरकेरेला लढाईही मारली, पण पाऊस सुरू झाला, बैल हजारोंनी मेले, दाणा नाही. शेवटी वेढ्याच्या जड तोफा स्वतःच फोडून-पुरून मागे फिरला. वडगावही झालं आणि यॉर्कटाउनही होणार होतं. २६ मे ला परतीच्या वाटेवर समोरून घोडेस्वार आले, इंग्रजांना वाटलं टिपूचे, गोळ्या सुरू. मग एकजण ओरडत पुढे आला, आम्ही मराठे! हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन. टिपूच्या स्वारांनी इतके जासूद मारले होते की आपले दोस्त इतके जवळ आलेत हे कॉर्नवॉलिसला माहीतच नव्हतं.

आणि मराठ्यांबरोबर बाजार होता. तिथल्या इंग्रजांनी वर्णन लिहून ठेवलंय, उपाशी माणसाच्या डोळ्यांनी लिहिल्यासारखं. धान्य तर होतंच, शिवाय सराफांची पालं, देशोदेशीची नाणी, काश्मिरी शाली, बर्मिंगहॅमचे चाकू, हिरे, आणि लुटून आणलेली गावच्या पोरीची चांदीची कर्णफुलंसुद्धा. भाव मात्र अव्वाच्या सव्वा.

वर हरिपंतांनी १४ लाख रुपये कर्ज मागितलं. कॉर्नवॉलिसने चीनला चहाखरेदीसाठी निघालेली चांदी मद्रासला जहाजांवरून उतरवून घेतली आणि तिचे रुपये पाडून दिले.

मग पुढचे महिने त्याने घाई केली नाही. नंदीदुर्ग, सावनदुर्ग घेऊन वाट मोकळी केली, लमाणांच्या तांड्यांकडून धान्य भरून घेतलं, आणि फेब्रुवारी १७९२ ला परत गेला. टिपूचं अर्धं राज्य आणि दोन मुलगे ओलीस.

चहाबाज
थांबा थांबा. म्हणजे चहामुळे तिकडे युद्ध पेटलं आणि चहाच्या चांदीने इकडे मराठ्यांचा पगार भागला??

पाँडीचेरीची_पोस्ट
आणि यॉर्कटाउनच्या आधी द ग्रासने हवानाहून चांदी आणली होती, वॉशिंग्टनच्या फौजेला महिन्याचा पगार रोख मिळाला तो फ्रेंचांच्या पेटीतून. चांदीची पण एक बखर लिहायला हवी.

बारा_मावळ
यात आनंद मानावा की डोक्याला हात लावावा कळत नाहीये. यॉर्कटाउनला त्याला सोडवायला कोणी आलं नाही आणि इथे सोडवायला आपण गेलो.

शंकेखोर
आज पहिल्यांदा बारा_मावळ यांच्याशी पूर्ण सहमत, तारीख लिहून ठेवा.

रिचमंडकर
बाबांना सगळं वाचून दाखवलं, दीड तास लागला. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, भाऊंनी त्या स्वाऱ्यांमध्येच दक्षिणेतली गोपुरं बघितली, म्हणून आपल्या गणपतीच्या देवळाला सात मजली गोपूर. लहानपणी त्या गोपुराखाली रथाचा दोर धरायचो, हा कॉर्नवॉलिस तिथपर्यंत गुंतलेला असेल असं वाटलं नव्हतं. आणि विचारलं की बाजारात तांदळाचा भाव काय लावला होता, त्याचा काही कागद आहे का. (आहे का?)

शनिवारी परत यॉर्कटाउनलाच जायचंय. नदीवर पूल आहे, पलीकडे ग्लॉस्टर, गाडीने दोन-तीन मिनिटं. बाबांना त्या काठावरून इकडे बघायचंय.

डेकवरचा_मामा
जा जरूर. निघताना वारा बघून निघा.